मणक्याची गादी सरकल्यावर : घर, गोठा आणि उसाचा फड



या पानावर आम्ही एरवी लागण, खते, खोडवा आणि तोडणीचा क्रम यांविषयी लिहीत असतो. या खेपेचा विषय ऊस पिकविणाऱ्याच्या कमरेचा आहे. गटवार फिरताना एखादा जुना, चांगला उतारा काढणारा सभासद एकदम म्हणतो, "सायेब, औंदा ऊस मोडतो, सोयाबीन टाकतो." कारण विचारले की पाणी, मजूर, खताचे भाव हे सगळे आधी निघते. चहा होईपर्यंत बसले की मग खरी गोष्ट कळते. उठताना तो माणूस एक हात गुडघ्यावर आणि एक हात भिंतीला लावून उठतो. मणक्याची गादी सरकली आहे असे डॉक्टरांनी सांगितलेले असते, आणि ते त्याने भावकीत कुणाला सांगितलेले नसते. पोरीचे लग्न व्हायचे आहे, सोसायटीचे कर्ज आहे, कमरेतून गेलेला माणूस असे नाव व्हायला नको, हा त्यामागचा हिशेब.

हे दुखणे आम्हांलाही चांगले ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी चैत्रात एका प्लॉटमध्ये खोडकिडीने पोंगा मेलेला कोंब उपटून पाहत असताना कमरेत चमक भरली. संध्याकाळपर्यंत ती कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीत आणि तिथून अंगठ्यापर्यंत उतरली. जे कळ म्हणजे काय ते जाणतात त्यांना अधिक सांगायला नको. जे जाणत नाहीत त्यांना सांगून समजणार नाही. आमचे घर माडीवर, संडास उकिडवे बसण्याचा. म्हणून पुढचे पाच आठवडे आम्ही उरणला पुतण्याकडे काढले. पुतण्या बंदराच्या ट्रेलरवर चालक आहे. त्याची खोली तळमजल्यावर, संडास खुर्चीसारखा उंच, आणि व्यायाम शिकविणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाई चालत जाण्याच्या अंतरावर. आपल्या कार्यक्षेत्रातली बरीच पोरे आज त्या पट्ट्यात गाड्यांवर आणि गोदामांत आहेत, तेव्हा उरण हे नाव पुष्कळ सभासदांच्या घरात रोजचे असेल.

उरण तालुक्यात उसाचे कांडे दिसायचे नाही. तिथे खाजणातले भात, मिठागरे, मोरा-करंजाची मासळी, आणि १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर. पण कमरेवर चालणारी कामे पाहायची तर याहून चांगली जागा मिळणार नाही. लावणीला दिवस दिवस वाकलेल्या बाया, मिठाच्या टोपल्या वाहणारे मजूर, जाळी ओढणारे खलाशी, ट्रेलरवर बारा बारा तास बसणारे चालक, सगळे एका तालुक्यात. सकाळ-संध्याकाळ हळूहळू चालायचे हेच आमचे औषध होते. त्या चालण्यात जे पाहिले आणि जे विचारले त्यातून आम्हांला आपल्या शिवारातल्या कामांचा नव्याने विचार करावा लागला.

गादी म्हणजे काय

पाठीच्या कण्यात एकावर एक रचलेले मणके आहेत. कमरेच्या भागात त्यांतले पाच. दोन मणक्यांच्या मधे एक चिवट चकती असते, तिला आपण गादी म्हणतो. बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे घट्ट थर आणि आत मऊ, पाणीदार गर. गादी मणक्यांना घट्ट चिकटलेली असल्यामुळे ती जागची 'सरकत' नाही, शब्द जरा फसवा आहे. होते असे की बाहेरचे थर झिजून चिरतात आणि आतला गर मागच्या बाजूस फुगतो किंवा बाहेर येतो. तिथेच पायाकडे जाणाऱ्या शिरांची मुळे आहेत. त्यांवर दाब आला की दुखते कंबरेपेक्षा पायात जास्त. कमरेच्या गादीची बहुतेक प्रकरणे अगदी तळच्या दोन गाद्यांची असतात, कारण वरचे सगळे ओझे तिथे येते.

पायात उतरणाऱ्या या कळेला आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात. रोगी गिधाडासारखा चालतो म्हणून हे नाव. म्हणजे दुखणे काही नवे नाही. ती कळ गादीमुळे येते हे मात्र बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी १९३४ साली नीट दाखवून दिले.

आता ओझ्याचे गणित. पहारेने दगड हलविताना टेकू दगडाजवळ असेल तर जोर कमी लागतो, लांब असेल तर घाम फुटतो. कमरेत टेकू म्हणजे गादी. पाठीचे स्नायू तिच्या मागे जेमतेम दोन बोटांवर ओढ घेतात, साधारण पाच सेंटिमीटरवर. वाकून, हात लांब करून वीस किलोचे ओझे उचलले आणि ते गादीपासून पन्नास सेंटिमीटर पुढे असले, तर स्नायूंना दहापट म्हणजे दोनशे किलोच्या घरात ओढ द्यावी लागते, आणि तो सगळा दाब गादीवर येतो. यात आपल्या धडाचे वजन धरलेलेच नाही. तेच ओझे छातीला लावून, गुडघ्यांत वाकून उचलले की गणित निम्म्याहून खाली येते. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात गादीत बारीक सुई घालून दाब प्रत्यक्ष मोजला होता. पडून राहिल्यावर तो सर्वांत कमी, वाकून वजन उचलताना सर्वांत जास्त.

उरणजवळच्या एका मिठागरावर हे डोळ्यांनी पाहायला मिळाले. मीठ आधी लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढून बांधावर आणतात. ओढणारा माणूस जवळजवळ सरळ उभा असतो, दांडा लांब आहे म्हणून. मग टोपल्या भरायच्या आणि डोक्यावरून रचायच्या. तिथे एका वयस्क बाईंनी जे सांगितले ते आम्ही नंतर फिजिओथेरपीच्या बाईंनाही विचारून घेतले. त्या म्हणाल्या, डोक्यावरची टोपली जड लागत नाही, टोपली डोक्यावर चढविणे जड. म्हणून ओले मीठ भरलेली टोपली एकटीने कधी उचलायची नाही, दोघींनी चढवायची आणि दोघींनी उतरवायची. त्यांच्या जोडीच्या एक बाई याच घाईत बसल्या आणि पुढे मिठागरावर परत आल्या नाहीत. डोक्यावरचे ओझे कण्याच्या रेषेत असते, तेव्हा दाब येतो पण टेकूचा खेळ होत नाही. घारापुरी बेटही उरण तालुक्यातच येते. तिथे थकलेल्या पर्यटकांना खुर्चीत बसवून चौघे जण पायऱ्या चढून लेण्यांपर्यंत नेतात. तेही पावलाला पाऊल मिळवून, दांडे खांद्यावर घेऊन, पाठ ताठ ठेवून.

आता आपला फड डोळ्यांसमोर आणा. तोडकरी बुडाशी वाकून कोयता चालवितो, ते वाकणे दिवसात किती वेळा होते याची मोजदाद नाही. मग मोळी बांधायची, ती डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रॉलीत चढायचे. मोळी आवळून मोठी बांधली तर खेपा कमी होतात म्हणून तरणी पोरे मोठी बांधतात. तिशीतच कंबर धरलेले तोडकरी आम्ही पाहिले आहेत. आपण त्यांना उचल देतो, त्यांच्या टोळीचा हिशेब ठेवतो, पण मोळीचे वजन कुणी विचारत नाही. वास्तविक साखरेचे पोते पूर्वी शंभर किलोचे असे ते पन्नासचे झाले, युरियाची गोणी २०१८ पासून पन्नासची पंचेचाळीस झाली. मोळी मात्र आहे तिथेच आहे.

सकाळचा पहिला तास

उरणला आम्हांला शिकविलेली पहिली गोष्ट ही, आणि आपल्या सभासदांना सर्वांत अडचणीची हीच ठरेल. रात्रभर पडून राहिल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात. भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखे समजा. माणूस सकाळी रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो तो यामुळेच. त्या वेळी वाकले तर ताठलेल्या थरांवर ताण जास्त पडतो. सकाळी उठल्या उठल्या वाकणे टाळणाऱ्यांचे दुखणे कमी झाले असे १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसून आले.

आता आपल्याकडे पहाटे पाचला धार काढायची, शेण भरायचे, वैरण टाकायची. म्हणजे दिवसातले सगळे वाकणे नेमके त्या तासात. डेअरीची गाडी कमरेसाठी थांबत नाही. यावर आम्ही केलेली तडजोड अशी : उठल्यावर आधी अर्धा तास चालणे, गोठ्यात जाऊन वरची कामे करणे, गव्हाणीत वैरण टाकणे ती मांडीपेक्षा उंच गव्हाण करून, आणि धार सगळ्यांत शेवटी. धारेला फूटभर उंचीचे स्टूल, म्हणजे कंबर दुमडत नाही. शेण भरायला लांब दांड्याचे फावडे. ज्यांच्या घरी तरणा मुलगा वा सून आहे त्यांनी ही वेळ काही महिने त्यांच्याकडे द्यावी. द्यायला जड जाते. आमच्या वडिलांनी पंचाहत्तरीपर्यंत धार सोडली नव्हती, त्यामुळे हे आम्ही समजू शकतो.

अंथरुणातून उठण्याचीही रीत आहे. सरळ उठून बसायचे नाही. आधी कुशीवर वळायचे, पाय कॉटखाली सोडायचे आणि हाताच्या कोपरावर जोर देऊन अंग वर आणायचे. जमिनीवर निजणाऱ्याने काही दिवस तरी कॉटवर निजावे, जमिनीवरून उठणे हे पहिल्या आठवड्यात डोंगर चढण्यासारखे असते. लोक लाकडी फळीवर निजायला सांगतात. फळीची गरज नाही, खोलगट झालेली गादी किंवा सैल बाज मात्र नको.

ज्या गोष्टी कुणी लिहीत नाही

शिंक येणे ही साधी गोष्ट. गादीच्या दुखण्यात शिंक आली की पायात वीज जाते. उभ्याने भिंतीला हात टेकवून आणि गुडघे किंचित दुमडून शिंकावे, म्हणजे कळ कमी बसते. खोकल्याचेही तसेच. तंबाखू, विडी ओढणाऱ्याला दोन्हीकडून मार : खोकला वाढतो आणि गादीला मिळणारे पोषणही कमी होते.

संडासाचा प्रश्न कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. उकिडवे बसणे आणि तिथून उठणे हेच पहिले काही आठवडे जमत नाही. मग माणूस जेवण कमी करतो, पाणी कमी पितो, बद्धकोष्ठ होते, कुंथावे लागते आणि कळ आणखी चढते. भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची बाजारात मिळते, ती आपल्या नेहमीच्या भांड्यावर ठेवता येते. भिंतीत एक पाइप ठोकून धरायची सोय करावी. म्हाताऱ्या माणसांनाही ती लागतेच. भाकरी, पालेभाजी, मटकी आणि भरपूर पाणी चालू ठेवावे.

मांडी घालून बसणे. आपले जेवण, पूजा, भजन, पंगत, ग्रामसभा, सगळे मांडीवर. गादी दुखत असताना मांडी घातली की कंबर मागे गोल होते आणि दाब वाढतो. उरणला शेजारच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेला आम्ही स्टुलावर बसलो, तर एका गृहस्थांनी "साहेब लोक खाली बसत नाहीत" असा टोमणा दिला. हसून सोडून दिले. पण हेच आपल्या गावी झाले असते तर आम्ही कळ सोसून खाली बसलो असतो, हे खरे.

या दुखण्यात लोकांचा विश्वास बसत नाही, हा त्याचा फार मोठा त्रास आहे. हात मोडला तर प्लास्टर दिसते. ताप आला तर अंग गरम लागते. कंबरेच्या माणसाचे बाहेरून काहीच दिसत नाही, चेहरा तरतरीत, जेवण व्यवस्थित. सकाळी तो दोन किलोमीटर चालून येतो आणि दुपारी पाण्याची घागर उचलायला नाही म्हणतो. घरच्यांना ते ढोंग वाटते. वास्तविक चालणे हे गादीला सोसते आणि घागर सोसत नाही, यात विसंगती काहीच नाही. एका कचेरीत आम्हांला "फिरतीच्या दिवसांतच बरी कंबर दुखते" असे ऐकावे लागले. पुतण्याने सांगितले की त्याच्या बरोबरीचा एक चालक सहा महिने कळ दाबून गाडीवर बसला, कारण सांगितले तर दुसरा माणूस गाडीवर चढवतील ही भीती. पाऊल उचलेना, क्लच दाबता येईना, तेव्हा कुठे तो दवाखान्यात गेला.

बायांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. केर काढणे, फरशी पुसणे, चुलीपुढे बसणे, धुण्याचे पिळे, कडेवर पोर आणि मग खुरपणी. घरातल्या पुरुषाची कंबर गेली तर चार माणसे पाहायला येतात. बाईची गेली तर "वयाप्रमाणे होतंच" म्हणून बाम आणून देतात. उभ्याने वापरायचा लांब दांड्याचा झाडू शंभर-दोनशे रुपयांत येतो. गॅसची शेगडी ओट्यावर चढली तसा कपडे धुण्याचा दगडही कमरेएवढ्या ओट्यावर चढवायला गवंड्याचे एका दिवसाचे काम आहे. एवढे तरी या हंगामात करावे.

बसणे, गाडी आणि वाट

उरणच्या रस्त्यांवर ट्रेलरच्या रांगा लागतात त्या पाहण्यासारख्या असतात. कंटेनर मिळेपर्यंत चालक बसून, वाकून, मोबाइल बघत असतो. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना कंटेनर अडकविण्याच्या कड्या असतात, तासन्‌तास बसलेली कंबर घेऊन एकदम खाली उडी मारायची आणि वाकून त्या फिरवायच्या. बसून बसून सैल पडलेली कंबर लगेच वाकविणे धोक्याचे. पुतण्याने आता सवय लावून घेतली आहे : उतरताना उडी नाही, पायरीवरून तोंड गाडीकडे करून उतरायचे, दोन मिनिटे उभे राहून मागे झुकायचे, मग कड्यांना हात.

ट्रॅक्टरवाल्यांनी हे लक्षात ठेवावे. ट्रॅक्टरचे हादरे सरळ मणक्यात जातात. रोटाव्हेटर मारताना मान वळवून मागे पाहत राहणे म्हणजे हादरा आणि पीळ एकदम. सीटची स्प्रिंग बसली असेल तर ती बदलावी. ट्रॅक्टरच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही. अर्ध्या-पाऊण तासाने खाली उतरून चार पावले चालावे. मोटारसायकलचेही तेच. आम्ही बांधावरून गाडी घालणे बंद केले, रस्त्यावर लावून प्लॉटपर्यंत चालत जातो. त्यामुळे दिवसाला दोन प्लॉट कमी होतात, पण ते आधीपेक्षा नीट पाहून होतात.

उरणहून मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचे तर एके काळी मोऱ्याहून लाँच किंवा एसटी एवढेच मार्ग. हलत्या लाँचमधून धक्क्यावर पाऊल टाकणे कंबरेच्या रोग्याला किती अवघड ते धडधाकट माणसाला कळणार नाही. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल सुरू झाली, त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्‌घाटन झाले. आम्ही लोकलनेच गेलो. जागा मिळाली तरी अर्धा वेळ उभ्याने केला.

औषध, फोटो आणि ऑपरेशन

पूर्वी गादी सरकली की तीन-तीन आठवडे सक्त झोपून राहायला सांगत, पायाला वजने लावीत. १९८६ साली अमेरिकेत एक तुलना झाली. कमरेच्या साध्या दुखण्यात दोन दिवस विश्रांती घेतलेले रोगी सात दिवस घेतलेल्यांइतकेच बरे झाले आणि कामावर लवकर गेले. पुढे १९९९ मध्ये हॉलंडात पायात कळ उतरलेल्या १८३ रोग्यांवर हेच पाहिले. दोन आठवडे अंथरुणावर राहून काही विशेष लाभ झाला नाही. तेव्हा फार कळ असेल तेव्हा एक-दोन दिवस पडावे, पुढे थोडे थोडे चालत राहावे. पडून राहिल्याने पाठीचे आणि पोटाचे स्नायू झिजतात, आणि गादीला आधार देणारे तेच तर आहेत.

एमआरआयच्या फोटोविषयीही एक सांगितले पाहिजे. १९९४ साली ९८ माणसांचे असे फोटो काढले, ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक जणांच्या किमान एका गादीला फुगवटा आढळला! म्हणजे फोटोत फुगवटा आहे म्हणून घाबरून जायचे कारण नाही. दुखणे, पायाची ताकद आणि फोटो यांचा मेळ बसतो का हे डॉक्टर पाहतात. पहिल्याच दिवशी सात-आठ हजार घालवून फोटो काढायची घाई बहुतेकांना लागत नाही.

ऑपरेशनचा प्रश्न सगळे विचारतात. हॉलंडातच २८३ रोग्यांवर अभ्यास होऊन २००७ साली तो प्रसिद्ध झाला. पायाची कळ दीड ते तीन महिने चाललेले हे रोगी. निम्म्यांचे लवकर ऑपरेशन केले, निम्म्यांना थांबवून औषध-व्यायाम दिला. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला. थांबलेल्यांपैकी दहात चौघांना वर्षभरात ऑपरेशन करावेच लागले. पण वर्षअखेर दोन्हीकडचे शंभरात पंच्याण्णव बरे होते. बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा आपणच शोषून घेते. तेव्हा ज्याला कळ सोसवते त्याने थांबावे, ज्याला सोसवत नाही आणि डॉक्टर सांगतात त्याने भ्यायचे कारण नाही. आम्ही थांबलो. तीन महिन्यांनी पोटरी मोकळी झाली, अंगठा अजून थोडा बधिर आहे.

मात्र काही खुणा दिसल्या तर थांबायचेच नाही. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावर ताबा राहिला नाही, बैठकीच्या जागी आणि जांघेत बधिरता आली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर रात्र असो वा पाऊस, त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर गेलेले परत येईलच असे नाही. पाऊल उचलताना फरफटू लागले, चप्पल आपोआप गळू लागली, तर दुसऱ्या दिवशीच दाखवावे. कमरेबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागले असेल, तर ते वेगळेच काही असू शकते.

उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात. साध्या लचकेला दोन दिवसांत आपोआप आराम पडतो, श्रेय पायाळूला जाते. त्यात कुणाचे बिघडत नाही. परंतु पायात कळ वा बधिरता असताना पाठीवर उभे राहणे, हिसका देऊन कंबर 'बसविणे' हे प्रकार आम्हांला मान्य नाहीत. वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी आणि महिनोन्‌महिने घेणे तेवढेच वाईट, पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडाला मार बसतो.

उसाच्या कामात काय बदलता येईल

आता आमच्या खात्याचे. लागणीला एकरी दोन-अडीच टन बेणे तोडून, वाहून, सरीत वाकून दाबणे हे कमरेचे फार मोठे काम. एक डोळ्याची रोपे आणली तर एवढे वजन हलवावे लागत नाही. ट्रे हलका, आणि रोप उभ्याने सोडायची नळकांड्यासारखी हातयंत्रेही मिळतात. रोपाला पैसे जास्त लागतात हे खरे, पण नांग्या कमी पडतात. को ८६०३२ असो की फुले २६५, दोन्हींची रोपे वाटिकांतून मिळतात.

खताची गोणी बांधावर उतरवताना पाठीवर टाकून पळणारे बहाद्दर गावोगाव आहेत. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ साली आदर्श परिस्थितीतही एकट्याने उचलण्याची मर्यादा २३ किलो धरली. म्हणजे आपली गोणी तिच्या जवळजवळ दुप्पट. ट्रॉलीच्या फळीवरच गोणी फोडावी, अर्धी अर्धी घमेल्यात घेऊन जावे. ठिबक असेल तर विरघळणारी खते टाकीतूनच द्यावीत, वाकणेच संपले. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो. तो जमिनीवरून उचलून पाठीवर घेऊ नये, ट्रॉलीच्या कडेवर किंवा बांधाच्या उंचवट्यावर ठेवून पट्ट्यांत हात घालावेत. दारे धरायला आखूड दांड्याचे खोरे टाकून छातीएवढ्या दांड्याचे घ्यावे. रात्रीच्या पाण्याला पाटावरून उड्या मारू नयेत, एक फळी टाकून ठेवावी. पाचट काढताना वाकून पुढे पुढे सरकण्यापेक्षा एक पाय पुढे टाकून गुडघ्यात बसावे, ऊस उंच झाल्यावर तर उभ्यानेच हात पोचतो. तोडणीच्या वेळी टोळीच्या मुकादमाला मोळी बेताची बांधायला सांगण्याचा अधिकार प्लॉटच्या मालकालाही आहे, तो वापरावा. खेपा वाढतील, वाढू द्यात.

तुमच्या गटातील शेती मदतनिसांना आम्ही सांगून ठेवले आहे की ज्या सभासदाला कंबरेमुळे प्लॉटवर येता येत नाही, त्याच्या लागणीची नोंद घरच्या माणसाला बरोबर घेऊन करावी आणि त्याला कचेरीत हेलपाटे घालायला लावू नयेत. पुढील महिन्यापासून शिवारफेरीच्या सभांना सतरंजीबरोबर डझनभर खुर्च्याही ठेवल्या जातील. त्या पाहुण्यांसाठी नाहीत. ज्याला लागेल त्याने न विचारता घ्यावी, आम्हीही तिथेच बसणार आहोत.

— ऊस विकास अधिकारी